चादर पिळायला दोन माणसे लागतात

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात: "माझे वय 49. माहेर नगर जिल्ह्यातले, लग्नानंतर पिंपरी-चिंचवडला स्थायिक झाले. सासूबाईंना चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. रात्रीतून तीन-तीनदा उठतात, कडी काढून बाहेर जाऊ पाहतात, मला ओळखत नाहीत. यजमान शिफ्टमध्ये काम करतात, मुलगा परगावी आहे. बारा वर्षे मी शब्बाथशाळा, म्हणजे चर्चमधली मुलांची रविवारची शाळा, घेतली, त्यामुळे मंडळीत सगळे मला खंबीर समजतात. गेले पाच महिने मी चर्चला गेलेली नाही. प्रार्थनेला बसले की डोळा लागतो, नाहीतर नुसते रडू येते. एका घरगुती प्रार्थना सभेत मी मन मोकळे केले, तर विश्वास कमी पडतो आहे असे ऐकावे लागले. खरेच माझा विश्वास संपला का? घर जरा सावरले, थोडा विसावा मिळाला की पुन्हा मंडळीत जाईन, असे मी रोज मनाला सांगते."

प्रिय भगिनी,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. आधी विसावा मिळेल आणि मग मंडळीत जाता येईल, असा क्रम तुम्ही मनाशी धरला आहे, आणि माझ्या मते तुमची खरी अडचण या क्रमातच आहे. सासूबाईंचे दुखणे महिन्या-दोन महिन्यांत आवरणारे नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. घर सावरण्याची वाट पाहत राहिलात, तर तो रविवार कधी उगवणारच नाही, आणि ज्या माणसांच्या हातून तुम्हाला विसावा मिळायचा, त्यांच्यापासून तुम्ही दिवसेंदिवस दूर जाल.

प्रथम विश्वासाबद्दल लिहिते, कारण तो घाव ताजा आहे. मार्काच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायातली कफर्णहूम गावाची गोष्ट तुम्ही शब्बाथशाळेत अनेकदा सांगितली असेल. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे जण बाजेवर घालून आणतात, दारात गर्दी असल्यामुळे वर चढतात, छत उसकटतात आणि त्याला येशूसमोर खाली सोडतात. आपल्या नगर-बीडकडच्या माळवदाच्या घरात वाढलेल्या माणसाला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. लाकडे, काड्या आणि वर थापलेली माती, तसलेच ते छत. आता त्या वचनाचे शब्द नीट पाहा. येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला, असे मार्क लिहितो. बाजेवरच्या माणसाचा विश्वास केवढा होता, त्याने प्रार्थना केली होती की नाही, याची चौकशी तिथे कोणी केली नाही. तो त्या दिवशी फक्त वाहून नेला गेला, आणि बरा होऊन आपली बाज उचलून घरी गेला. तुम्ही बारा वर्षे इतरांच्या बाजेचा एक कोपरा धरलात. आज तुम्ही बाजेवर आहात, आणि बाजेवर असणे हा विश्वासाचा अभाव नव्हे. ज्यांनी तुम्हाला तसे ऐकवले, त्यांना मी दुष्ट म्हणणार नाही, पण त्यांचे म्हणणे चुकीचे होते, आणि ते तुम्ही मनातून काढून टाकावे, असे मी आग्रहाने सांगते.

प्रार्थनेत डोळा लागतो, याची तर लाजच बाळगू नका. एलीया संदेष्टा रानात झुडुपाखाली आडवा झाला आणि मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवून त्याला उठवले, खाऊ घातले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खाऊ घातले. चार वर्षांच्या जागरणाने शिणलेल्या देहाला देवासमोर बसल्यावर झोप येत असेल, तर तेवढी एकच जागा त्याला सुरक्षित वाटते आहे, असे मला म्हणावेसे वाटते.

विसाव्याची गोष्ट मला मात्र पुस्तकातून समजली नाही. माझ्या यजमानांना अर्धांगवायू झाला, तेव्हा मी चौदा महिने त्यांचे सगळे अंथरुणात केले. रोज सकाळी दोन, कधी तीन चादरी भिजत घालाव्या लागत. भिजलेली मोठी चादर एकट्या बाईला पिळता येत नाही. एक टोक नळाला गुंडाळायचे आणि दुसरे पिळायचे, तर निम्मे पाणी तसेच राहते आणि मनगटे भरून येतात. महिला मंडळातल्या एक वयस्क बाई एका मंगळवारी आल्या. त्यांना प्रार्थना करायची होती, पण मी मोरीत होते. त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि काही न बोलता चादरीचे दुसरे टोक धरले. त्या डावीकडे पिळत गेल्या, मी उजवीकडे, आणि पाणी असे खळखळून पडले की मला हसू आले, कित्येक आठवड्यांनी. प्रार्थना आम्ही नंतर केली, दोन वाक्यांची. त्या दिवसापासून त्या दर मंगळवारी येत राहिल्या.

"अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन," हे वचन आपल्यापैकी कित्येकांच्या घरी भिंतीवर असते. त्यापुढे लगेच येशू म्हणतो की माझे जू आपणांवर घ्या. थकलेल्या माणसाला जू कशाला द्यायचे, असा प्रश्न मला तरुणपणी पडत असे. आमच्याकडे बैल होते, तरी उत्तर सुचायला मला ती मोरी लागली. जू एका बैलाचे नसतेच, जोडीचे असते. नव्या खोंडाला शिकवायचे झाले, तर त्याला जाणत्या बैलाशेजारी जुंपतात आणि खरी ओढ तो जाणता बैल घेतो. प्रभू दुसऱ्या बाजूला खांदा देतो, आणि माझा अनुभव असा की तो खांदा पुष्कळदा मंडळीतल्या एखाद्या माणसाचा असतो. जू नीट बसले नाही, तर मानेला सूज येते, कातडे सोलवटते. म्हणून तर पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते, हळद-तूप लावून बैलाचा खांदा मळतात. दहा आज्ञांमधली शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञाही बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात बैलाचे नाव घेऊन त्याला विसावा देते. मग शब्बाथशाळेच्या बाईंनी स्वतःला तो का नाकारावा?

एकमेकांचे ओझे वाहणे ही आपल्या मंडळीत मागाहून आलेली सजावट नाही. नगरला 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. तिथे बाप्तिस्मा घेतलेल्या कित्येकांना घरच्यांनी आणि जातभाईंनी तोडले, तेव्हा पाणी द्यायला, आजारात बसायला, मयतीला खांदा द्यायला मंडळीशिवाय त्यांचे दुसरे कोणी उरले नव्हते. आपण एकमेकांना बंधू-भगिनी म्हणतो, तो शब्द तेव्हा रोज वापरात होता. प्रेषित पौल गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात एकमेकांची ओझी वाहायला सांगतो, आणि पुढे तीनच वचनांनंतर, प्रत्येकाने आपला भार वाहावा, असेही म्हणतो. मूळ ग्रीकमध्ये या दोन ठिकाणी दोन वेगळे शब्द आहेत, एक माणसाला चेपून टाकणाऱ्या वजनाचा आणि दुसरा ज्याच्या त्याच्या वाट्याच्या गाठोड्याचा. सासूबाईंवर प्रेम करणे हे तुमचे गाठोडे आहे, ते कोणी घेणार नाही. रात्रीचे जागरण, औषधांची खेप, बाहेरचा दरवाजा सांभाळणे, हे ओझे आहे, आणि ते वाटून घेण्यासाठीच आहे.

म्हणून आता नेमके काय करायचे, ते सांगते. साऱ्या मंडळीसमोर उभे राहून काही सांगू नका. ज्यांच्या तोंडून गोष्ट बाहेर जाणार नाही, अशा दोन भगिनी निवडा. त्यांच्याकडे "माझ्यासाठी प्रार्थना करा" एवढेच मागू नका, कारण ते ऐकून माणसे मान डोलावतात आणि घरी जातात; त्यांना काय करावे, हेच कळत नाही. "गुरुवारी तीन ते पाच आईंजवळ बसाल का, मला झोपायचे आहे," असे वार आणि वेळ सांगून मागा. एखादी नाही म्हणेल, तेव्हा वाईट वाटेल. तरी दुसरीला विचारा. स्मृतिभ्रंशाच्या माणसाजवळ जुनी भजने म्हटली, तर पुष्कळदा शब्द ओठांवर येतात, नाव विसरलेल्या माणसाच्यासुद्धा. रेव्हरंड ना. वा. टिळकांची जी पदे सासूबाईंनी लहानपणापासून म्हटली असतील, ती येणाऱ्या भगिनीला म्हणायला सांगा. पाळकांना कळवले, तर ते प्रभुभोजन घेऊन घरी येतात. आजाऱ्यासाठी आणि तिच्याजवळ अडकलेल्या माणसासाठीही ती सोय आहे. यजमानांशीही बोला. तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल एकच ओळ आहे. आठवड्यातल्या दोन रात्री त्यांनी जागायच्या, हे मागताना संकोच करू नका, कारण ती त्यांची आई आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिते. झोप मिळूनही उदासी हटत नसेल, जेवण जात नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर ते डॉक्टरांचे काम आहे. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते. औषध घेतल्याने विश्वासाला बट्टा लागत नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत, याचे काय करायचे, ते राहिले. तुम्ही कीर्तन ऐकले आहे. बुवा दम घ्यायला थांबतात, तेव्हा कीर्तन थांबत नाही. मागचे टाळकरी धृपद धरून ठेवतात, आणि बुवांना सूर पुन्हा सापडला की ते त्यात मिसळतात. येत्या रविवारी उशिरा जा, शेवटच्या बाकावर बसा, गाऊ नका, कोणाशी बोलू नका, आशीर्वादाआधी निघून आलात तरी चालेल. इतरांना गाऊ द्या आणि तुम्ही नुसते ऐका. त्या दिवशी सासूबाईंजवळ कोण बसेल, हे मात्र शनिवारपर्यंत ठरवून ठेवा, आणि गुरुवारी तीन वाजता कोण आले, ते मला कळवा.

तुमची भगिनी