'निकष हाती आले' म्हणजे नेमके काय हाती आले?

प्रश्न असा आहे : 'प्रयोगशाळेतून खडकाच्या रासायनिक विश्लेषणाचे निकष हाती आले' हे वाक्य बरोबर आहे का, आणि त्यात 'विश्लेषण' हवे की 'पृथक्करण'?

वाक्य चुकलेले आहे. हाती येतात ते निष्कर्ष. निकष प्रयोगशाळेत आधीपासून बाटल्यांत भरून ठेवलेले असतात. 'समितीने निकष काढला' अशी वाक्ये रोज कानांवर आदळतात, तेव्हा हे एकदा सांगितलेच पाहिजे. 'निष्कर्ष' हा कृष् म्हणजे ओढणे या धातूपासून आलेला आहे. जे बाहेर ओढून काढले, तो निष्कर्ष. त्यात याहून अधिक गंमत नाही.

गंमत आहे ती 'निकष' या शब्दात. कष् म्हणजे घासणे. सोने ज्या काळ्या दगडावर घासतात तो दगड म्हणजे निकष, आणि घासल्यावर त्यावर उमटणारी सोनेरी रेघ हीसुद्धा निकषच. मेघदूतात रात्रीच्या काळोखात निघालेल्या स्त्रियांना वाट दाखवणारी वीज अशा रेघेसारखी चमकते. त्याच धातूपासून संस्कृतातली कषपट्टिका, तिची प्राकृतातली कसवटी आणि तिची आपली कसोटी. 'प'चा 'व' दीपाचा दिवा होताना झाला तसा, आणि 'अव'चा 'ओ' लवणाचे लोण होताना झाला तसा. बावनकशी सोन्यातला कसही हाच.

मात्र 'कसेल त्याची जमीन' यातले कसणे कष् धातूचे नसून कृष् धातूचे आहे. दोन वेगळे धातू मराठीत येईपर्यंत 'कस' या एकाच उच्चारात मिसळून गेले, आणि निकष-निष्कर्षाचा आजचा गोंधळ हा त्या जुन्या सरमिसळीचाच वारसा असावा, असे माझे मत आहे. 'कसदार जमीन' हा प्रयोग कसण्यावरून आला असे मानणारे जाणकार आहेत. त्यांनी कसदार लेखन आणि कसदार दूध यांत नांगर कोठे चालतो ते कृपया दाखवावे. जमिनीचा कस हा सोन्याच्या कसावरूनच आला, यावर मी ठाम आहे.

आता बाटल्यांकडे वळू. खडकाचा नमुना फोडून त्याचे मैद्यासारखे चूर्ण करतात, ते लिथियम बोरेटात मिसळून प्लॅटिनमच्या मुशीत सुमारे १००० ते ११०० अंश सेल्सिअसला वितळवतात आणि त्याची काचेची चकती ओततात. या चकतीवर क्ष-किरण सोडले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या तरंगलांबीचे किरण परत फेकते. यंत्र ते किरण फक्त मोजते. सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य घटक, ४९ टक्के आहे की ५२, हे त्याला स्वतःहून कळत नाही. ज्यांचे घटक आधीच ठरलेले आहेत अशा खडकांच्या चकत्या त्याच यंत्रातून काढून तुलना केली, म्हणजे टक्के मिळतात. सराफ ज्ञात कसाच्या सोन्याची रेघ शेजारी ओढून पाहतो, त्यातलाच हा प्रकार आहे. दख्खनच्या बेसाल्टसाठी हवाई बेटावरच्या किलाउएआ ज्वालामुखीच्या बेसाल्टचे, बीएचव्हीओ-२ नावाचे चूर्ण निकष म्हणून चालते. त्यात सिलिका ४९.९ टक्के. दगडाचा कस लावायला शेवटी दगडच लागतो, याचा मला फार आनंद होतो.

निकष नसले की काय होते, याचा दाखला अमेरिकेत मिळाला. ऱ्होड आयलंडचा एक ग्रॅनाइट आणि व्हर्जिनियाचा एक डायबेस, म्हणजे बेसाल्टाच्या जातीचा काळा खडक, यांची चूर्णे, जी-१ आणि डब्ल्यू-१, अनेक प्रयोगशाळांना वाटण्यात आली. १९५१ साली अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा नावाजलेल्या रसायनज्ञांचेही आकडे एकमेकांशी जुळत नसल्याचे उघड झाले. निष्कर्ष भरपूर होते, पण ते ज्याच्यावर घासून पाहावेत असा दगडच तोवर कोणाजवळ नव्हता; पुढे हीच दोन चूर्णे निकष म्हणून वापरात आली.

'विश्लेषण' की 'पृथक्करण' हे राहिलेच. जुन्या पद्धतीत चूर्ण सोडियम कार्बोनेटाबरोबर वितळवून आम्लात विरघळवतात, सिलिका गाळून वजन करतात, मग अमोनियाने लोह आणि ॲल्युमिनियमचा साका खाली बसवतात. तेथे घटक खरोखर पृथक् होतात, म्हणून ते पृथक्करण. क्ष-किरणांच्या चकतीतून काहीच वेगळे निघत नाही. तेथे 'विश्लेषण' लिहावे.