शेती विकून नागपुरात भर वस्तीत लक्झरी फ्लॅट घ्यावा का?

तुम्ही विचारलं आहे की गावची चार एकर शेती विकून धंतोली-सीताबर्डीकडे मोठ्या इमारतीत फ्लॅट घेतला, तर म्हाताऱ्या आईबाबांना तिथे करमेल का. आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडचे. भावाने असाच फ्लॅट घेतला, बाराव्या मजल्यावर. बाबांच्या हृदयाच्या ऑपरेशननंतर त्यांना आणि आईला घेऊन मी तिथे दीड वर्ष काढलं.

आधी शेतीचं. सगळी विकू नका. आपल्याकडे शेतजमीन घ्यायला माणूस आधी शेतकरी असावा लागतो. सातबाऱ्यावरून नाव पुसलं गेलं, की पुढे दोन एकर घ्यायचे म्हटले तरी तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. निदान एक एकर राहू द्या.

फ्लॅटचा भाव कार्पेट एरियावरच, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरायला मिळणाऱ्या जागेवरच विचारा. रेरा हा घरखरेदीबाबतचा कायदा २०१६ सालचा, त्यात विक्री कार्पेटवर करायची असंच आहे. पण सेल्सचा पोरगा तोंड उघडतो ते सुपर बिल्टअपने, म्हणजे जिना, लिफ्ट, पॅसेजचा वाटाही धरून. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी लागतो, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला तयार असल्याचा सरकारी दाखला, मिळालेल्या फ्लॅटवर लागत नाही. मेंटेनन्सही आत्ताच विचारून ठेवा. महिन्याला ७,५०० रुपयांच्या वर गेला, तर मोठ्या सोसायटीत त्यावरही १८ टक्के जीएसटी येतो. स्विमिंग पूलमध्ये आमच्या घरचं कोणी एकदाही उतरलं नाही, पैसे मात्र दर महिन्याला भरले.

आता ऊन. हे कोणताच ब्रोशर सांगत नाही. आमचा हॉल पश्चिमेला, जमिनीपासून छतापर्यंत काच. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ वर जातो, तेव्हा ती काच संध्याकाळी सातलाही तव्यासारखी असायची. गावी आपण काय करतो? खिडकीला कूलर लावतो, वाळ्याच्या ताट्या ओल्या करतो, झोप लागते. तिथे कूलर लावायला परवानगी नाही, इमारतीचं रूप बिघडतं म्हणे! मग तीन खोल्यांत तीन एसी, दिवसरात्र. मे महिन्याचं बिल पाहून भाऊ दोन दिवस कोणाशी बोलला नाही. बाबांना एसीत सांधे धरायचे, ते रात्री उशी घेऊन लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये जाऊन बसायचे. शेजाऱ्यांनी त्याचीही तक्रार केली.

दुसरी गोष्ट येण्याजाण्याची. एकदा गावाहून मामा संत्र्याचं पोतं घेऊन आले. वॉचमनने फोनवर आलेला नंबर मागितला, मामांचा फोन साधा, आमचा चार्जिंगला. अर्धा तास मामा गेटवर उभे. वर आल्यावर बाबाच म्हणाले, "काय रे, आपल्या घरी याले बी नंबर सांगा लागते काय?" त्यानंतर मामा नागपुरात आले तरी वर येत नाहीत, फोन करून खालूनच जातात.

पण तुमच्या प्रश्नात मला एक चूक दिसते. तुम्ही आईबाबा असं एकत्र लिहिलंय. आमच्या घरी दोघांचं अगदी उलटं झालं. बाबांना तिथे कोंडल्यासारखं झालं. आईला मात्र पहिल्यांदा निवांतपणा मिळाला. नळाला चोवीस तास पाणी, चूल नाही, उठल्यापासून शेणगोठा नाही. चतुर्थीला ती एकटी टेकडीच्या गणपतीला जायची. पुढे मेट्रोत बसायला शिकली आणि आम्हालाच स्टेशनांची नावं सांगू लागली. कुरडया वाळवायला गच्ची उघडून देत नाहीत एवढीच तिची तक्रार. आणि एका रात्री बाबांच्या छातीत कळ आली तेव्हा दवाखाना पाच मिनिटांवर होता. गावातून आर्वी गाठायलाच पाऊण तास लागतो. हे मी विसरू शकत नाही.

आता बाबा गावात आहेत, तपासणीपुरते नागपूरला येतात. आई पेरणी ते वेचणी गावात, बाकी दिवस भावाकडे.

त्यामुळे एकदम विकत घेऊ नका. त्याच भागात एप्रिल-मेपुरता फ्लॅट भाड्याने घ्या आणि आईला वेगळं, बाबांना वेगळं विचारा. पाहायला जाल तेव्हा दुपारी तीनला जा. बिल्डर सकाळी दहाला बोलावतो, तेव्हा ऊन पलीकडच्या बाजूला असतं.