ब्लॅक पाइन बोन्सायची छाटणी: यंदा नको, पुढच्या जूनमध्ये करा

तुम्ही न्यू जर्सीत राहता, या वसंतात जपानी ब्लॅक पाइनचं बोन्साय घेतलंत आणि एप्रिलमध्ये त्याची कुंडी बदललीत. आता सुया बोटाएवढ्या लांब झाल्यात, शेंडा दाट झालाय आणि खालच्या फांद्या विरळ पडल्यात. म्हणून कधी आणि किती छाटायचं, असं विचारलंय.

माझं स्पष्ट मत, यंदा कात्री लावूच नका. कुंडी बदलताना मुळं तुटली आहेत. त्यात वरचे कोंबही काढले तर झाडाला दोन्हीकडून सावरावं लागेल, आणि पाइन अशा वेळी फांदी सोडून देतं. लांब सुया यंदा चालतील. त्याच तर मुळं भरून काढणार आहेत. भरपूर ऊन द्या आणि खत नेमाने घाला. मातीत मुळांभोवती पांढरी बुरशी दिसली तर घाबरून धुऊ नका, ती पाइनच्या उपयोगाची असते.

मी जपानमधल्या ओमियाच्या बोन्साय गावाजवळ राहते. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्सायवाले इथे येऊन वसले. इथल्या एका बागेत मी पाइनची कामं शिकते. ब्लॅक पाइनचं सगळं तंत्र एका गोष्टीवर उभं आहे. वसंतातले उभे कोंब, म्हणजे कॅंडल, उन्हाळ्याच्या सुरुवातीला बुडाशी कापले, तर निरोगी झाड त्याच वर्षी पुन्हा फुटतं. ही दुसरी फूट उशिरा आल्यामुळे तिला वाढायला दिवस कमी मिळतात आणि सुया आखूड राहतात. नाशिककडच्या द्राक्षवाल्यांना एप्रिल छाटणी आणि ऑक्टोबर छाटणी जशी तारखेने बांधलेली असते, तसंच हे आहे. लवकर कापलं तर सुया पुन्हा लांबतात, फार उशीर केला तर नवे डोळे थंडीपूर्वी पक्के होत नाहीत. वाढीचा हंगाम संपायच्या साधारण शंभर दिवस आधी कापायचं, हा इथला अंदाज. तुमच्याकडे जूनचा उत्तरार्ध धरा.

कापण्याचा क्रमही महत्त्वाचा. खालचे आणि आतले अशक्त कोंब आधी कापायचे. आठ-दहा दिवसांनी मधले, आणि शेंड्याचे दांडगे कोंब सगळ्यात शेवटी. अशक्तांना फुटायला जास्त दिवस मिळतात, म्हणून शरदापर्यंत वरची-खालची फूट जवळपास सारखी होते. तुमची दाट-विरळची तक्रार इथेच सुटते. अगदीच किरकोळ कोंब असेल तर त्याला हात लावू नका. काप आडवा आणि सरळ घ्या. तिरका घेतला तर एका बाजूचे डोळे जोरात येतात. कापल्याबरोबर राळेचा थेंब फुगून वर येतो आणि कात्रीची पाती चिकटायला लागतात. थोड्या-थोड्या वेळाने स्पिरिटने पुसत राहा, नाहीतर काप चिरडला जातो. कापणीपर्यंत खत भरपूर, त्यानंतर बंद, आणि नव्या सुया पक्क्या झाल्या की पुन्हा सुरू.

एका ठिकाणाहून तीन-चार डोळे फुटतात. शरदाच्या अखेरीस दोनच ठेवा, डावीकडचा आणि उजवीकडचा. सरळ वर जाणारा आणि खाली लोंबणारा काढून टाका. त्याच वेळी जुन्या सुयाही वेचायच्या: शेंड्याकडे जास्त, खाली कमी. जोडी चिमटीत धरून सुयांच्या दिशेने ओढा, उलट ओढली तर साल निघते. पण कुठल्याही फांदीच्या सगळ्या सुया कधीच काढू नका. हिरवं उरलं नाही की जुन्या लाकडातून पाइन सहसा फुटत नाही, ती फांदी गेलीच समजा.

आकाराचं काम, म्हणजे तार बांधणं, शरदाच्या अखेरीपासून हिवाळ्यात करतात. सुरुवातीला ॲल्युमिनियमची तार बरी, जाडी फांदीच्या साधारण एक तृतीयांश, वळसे ४५ अंशांत. तारेखाली सुया अडकू देऊ नका. फांद्या किंचित खाली झुकवल्या की झाड वयस्क दिसतं. वसंतात फांदी फुगायला लागली की तारेवर रोज नजर ठेवा. ती रुतायच्या आत वळशा-वळशाला कापून काढा, उलगडू नका.

एक खात्री मात्र आज करून घ्या. सुया दोन-दोनच्या जोडीत आहेत ना? पाच-पाचच्या झुबक्यात असतील तर तो व्हाइट पाइन आहे आणि वरचं कॅंडल कापणं त्याला लागू नाही. तो वर्षातून एकदाच फुटतो. वसंतात लांबणारे कोंब फक्त अर्धे खुडायचे. व्हाइट पाइन कसा असतो ते पाहायला वॉशिंग्टन तुम्हाला फार लांब नाही. तिथल्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात यामाकी पाइन आहे. १६२५ पासून जोपासलेलं हे झाड १९४५ मध्ये हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचलं, आणि १९७६ मध्ये जपानने ते अमेरिकेला भेट दिलं. त्याच्या फांद्यांचे थर खालून वाकून बघा, आतल्या बाजूला ऊन पोहोचावं म्हणून किती मोकळं ठेवलंय ते तिथून नीट कळतं.

तुमचं झाड ब्लॅक पाइनच असेल, तर यंदा नोव्हेंबरमध्ये फक्त शेंड्याकडच्या जुन्या सुया थोड्या वेचा, आणि पुढच्या मे महिन्यात कॅंडल जोमदार दिसले तरच जूनची कापणी ठरवा.