मोबाइल असताना पोलिसांना वायरलेस कशाला?

प्रश्न : आमच्या ठाण्याच्या जीपमधला वायरलेस सारखा खरखरतो. हातात मोबाइल असताना तो कशाला? – एक वाचक, आजरा

उत्तर : तालुक्याच्या ठाण्यात मी बरीच वर्षं वायरलेसवर बसलो. मोबाइलवर बोलणं एकाशीच होतं. वायरलेसचं बटण दाबून एकदा सांगितलं की कंट्रोल रूम, जीप, नाक्यावरचा शिपाई, सगळ्यांना एकदमच कळतं. बटण दाबलेलं असताना समोरच्याचं ऐकू येत नाही, म्हणून शेवटी ‘ओव्हर’, म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. नवी पोरं बटण दाबताक्षणीच बोलतात आणि गाडीच्या नंबरातला पहिला आकडा गळतो. मी त्यांना बटण दाबल्यावर आधी श्वास घ्यायला लावायचो, मग बोलायला.

वायरलेसच्या या व्हीएचएफ, म्हणजे अतिउच्च वारंवारतेच्या रेडिओ लहरी साधारण दोन मीटर लांबीच्या. मध्ये डोंगर आला की अडतात, म्हणून उंचावर रिपीटर बसवतात. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर जोरात पाठवतो.

एका पावसाळ्यात वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले. पलीकडच्या चौकीतून आवाज आला, “पुलावर पाणी चढलंय, एसटी थांबवा, ओव्हर.” आमचा सेट बॅटरीवर होता. एसटी पुलाच्या अलीकडेच थांबली.