गूगल फॉर्म बंद कर आणि खिडकीजवळ उभी राहा

पोरी,

तुझा मेसेज सकाळीच बघितला, पण मोबाईलवर एवढं टाइप करणं माझ्याच्यानं होत नाही म्हणून लॅपटॉप उघडला, आता हे लांबणार, चहा घेऊन बस.

जातिभेदावरच्या प्रोजेक्टसाठी केलेला तुझा गूगल फॉर्म वाचला. चोवीस प्रश्न, आणि पहिलाच 'तुम्ही जातिभेद मानता का', खाली पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत. अगं, हा प्रश्न आपल्या कोल्हापुरात रंकाळ्यावर भेळ खाणाऱ्याला विचार नाहीतर बिंदू चौकात कुणालाही थांबवून विचार, तो म्हणणार छे छे, शाहू महाराजांचं गाव आहे हे. आणि मनापासून म्हणणार, खोटं नाही. तोच माणूस घरी गेल्यावर वरची खोली भाड्यानं द्यायची वेळ आली की पहिल्यांदा आडनाव विचारणार. तुझ्या फॉर्मात त्याचं पहिलं बोलणं येतंय, दुसरं येत नाही. दोनशे रिस्पॉन्स जमले म्हणून तू खुश आहेस, मला ते दोनशे चारित्र्याचे दाखले वाटले.

मागं तुला जेनिफर एबरहार्ट बाईंचं वाचायला सांगितलं होतं, वाचलं नाहीस वाटतं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात सोशल सायकॉलॉजी शिकवतात. काळ्या लोकांच्या वस्तीत वाढल्या, बाराव्या वर्षी घरचे गोऱ्यांच्या उपनगरात राहायला गेले, आणि तिथं वर्गातल्या गोऱ्या मुलींचे चेहरे बाईंना एकमेकींपासून वेगळेच ओळखू येईनात. भेदभाव ज्यांच्या वाट्याला आला त्यांनी ही गोष्ट स्वतःबद्दल सांगावी हे मला फार आवडलं. दुसरा प्रसंग त्यांच्या पाच वर्षांच्या पोराचा. विमानात एकुलता एक काळा माणूस दिसला तर पोरगं म्हणालं, हा आपल्या डॅडीसारखा दिसतोय, आणि लगेच पुढं, हा विमान लुटणार नाही ना? आई काळी, बाप काळा, पोरगं काळं. त्याला हे घरात कुणी शिकवलं नव्हतं, तरी हवेतून आलंच की.

त्यांचा 2006 चा फिलाडेल्फियाचा अभ्यास वाचून मला रात्री झोप लागली नव्हती. खुनाचे खटले, आरोपी काळा आणि मेलेला गोरा, अशा 44 केसेस. आरोपींचे फोटो लोकांना दाखवून फक्त एवढंच विचारलं की हा चेहरा कितपत 'टिपिकल काळा' वाटतो. ज्यांचे चेहरे जास्त तसे वाटले त्यांच्यात 57.5 टक्क्यांना मृत्युदंडाची शिक्षा झालेली, कमी वाटले त्यांच्यात 24.4 टक्क्यांना. मेलेला माणूस काळा असला की मात्र हा फरकच गायब. ज्युरीतल्या लोकांना फॉर्म दिला असतास तर सगळ्यांनी पूर्ण असहमतवर टिक केली असती.

पण तुझ्या कामाचा अभ्यास तो नाही, तुझ्या कामाचा आहे तो त्यांच्याच गटाचा, कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराचा, 2017 मध्ये छापून आलेला. तिथल्या पोलिसांच्या अंगावर कॅमेरे होते. एका महिन्याचं रेकॉर्डिंग घेतलं, गाड्या अडवल्याचे 981 प्रसंग, 183 तास. पोलीस ड्रायव्हरला काय बोलला तेवढंच कागदावर उतरवलं आणि त्यातली काही वाक्यं लोकांकडून तपासून घेतली, ड्रायव्हर काळा का गोरा हे तपासणाऱ्यांना सांगितलं नाही. त्यावरून कॉम्प्युटरला शिकवून बाकीची हजारो वाक्यं मोजली, त्यासाठी भाषाशास्त्रवाले बरोबर होते. निघालं काय, तर गोऱ्यांशी जास्त आदरानं बोललं जातं, सर, मॅडम, सॉरी, जपून जा. काळ्यांशी 'हात स्टिअरिंगवर ठेव' अशातली भाषा. गुन्हा किती मोठा, अडवलं कुठं, पोलीस स्वतः काळा का गोरा हे सगळं धरूनही फरक राहिला. शिवी कुणी दिली नव्हती बरं का, एकटी एकटी क्लिप बघितलीस तर तुला त्यात वावगं काहीच दिसणार नाही. ते मोजल्यावरच दिसतं.

आता बघ, त्यांना हे शोधायला कॉम्प्युटर लागला कारण इंग्रजीत 'यू' एकच. आपल्याकडं तर क्रियापदातच सगळं येतं. 'बसा' आणि 'बस'. समोरच्याची पायरी ठरवल्याशिवाय मराठीत साधं खुर्चीवर बसायला सांगता येत नाही. तुझा डेटा फुकटात हवेत उडतोय आणि तू सहमत-असहमत करत बसलीस.

सरकारी दवाखान्यात केस पेपरच्या खिडकीजवळ कधी उभी राहिली आहेस? तिथं नाव, आडनाव, गाव मोठ्यानं सांगावं लागतं. आडनाव सांगायच्या आधी खिडकीतला माणूस काय म्हणत होता आणि नंतर काय म्हणाला. अहो काका, या मावशी, का ए मामा तिकडं हो. एवढंच लिहायचं. सुट्टे पैसे नसले की कुणाला 'राहू द्या' आणि कुणाला 'आणून दे आधी', हेही लिही.

पण थांब, लगेच पळू नकोस, इथं कोल्हापूरची गोची आहे. आपल्याकडं अरे-तुरे म्हंजे अपमान असं सरळ गणित नाही. 'काय भावा' म्हणून पाठीवर थाप पडली तर ते प्रेम, आणि लांबवून 'बोला साहेब' म्हटलं तर कधी कधी तो टोमणा. पुण्याचं कुणी तुझा डेटा बघितला तर सगळं शहर उद्धट ठरवून मोकळं होईल. म्हणून नुसते 'ए' मोजून काही होत नाही. तोच माणूस, तीच खिडकी, तीच सकाळ, आणि मग कुणाला अहो आणि कुणाला ए, ही तुलना पाहिजे. आणि उतरवून घेणारी तू असलीस तर मार्क देणारी दुसरी मैत्रीण असू दे, आडनाव आणि कपड्यांचा रकाना झाकून. नाहीतर तुला जे दिसायचंय तेच दिसेल.

कातडीचा रंग म्हंजेच जात असं समजून अमेरिकेतलं उचलून चिकटवू नकोस हेही सांगून ठेवतो. कातडी लांबून दिसते, जात विचारावी लागते, म्हणून तर आपल्याकडं आडनावाला एवढा भाव. थोरात आणि अॅटवेल यांचा 2007 चा पेपर शोध. शिक्षण सारखंच दाखवून खाजगी कंपन्यांना अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली, आणि दलित नावाला पुढचं बोलावणं यायची शक्यता कमी, मुस्लिम नावाला आणखी कमी.

माझंच एक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी तोंडी परीक्षा घेत होतो. पोरं आत येणार, नाव सांगणार, मी जरा गप्पा मारून त्यांची भीती घालवणार, मला त्याचा अभिमानच होता. संध्याकाळी बरोबरचे परीक्षक स्कूटर काढता काढता म्हणाले, तुम्ही काही पोरांना विचारलं पुढं काय करणार, आणि काहींना विचारलं स्कॉलरशिप वेळेवर मिळते का. कुणाला काय विचारलं ते आठवून बघा. मला पहिल्यांदा रागच आला, मी तर मायेनं विचारत होतो. घरी जाऊन आठवलं तर आडनावं बरोबर दोन गठ्ठ्यांत पडत होती. म्हणून खिडकीतल्या माणसाला राक्षस करून रिपोर्ट लिहू नकोस.

'मग उपाय काय' म्हणून गाइड विचारणारच. भाषणं, वर्कशॉप, संवेदनशीलता वगैरे लिहू नकोस, मी भरपूर घेतली आहेत, जेवण चांगलं असतं. ओकलंडमध्ये गाडी अडवल्यावर पोलिसांना जो फॉर्म भरायला लागायचा त्यात एक प्रश्न वाढवला, ह्या माणसाचा गुन्ह्याशी संबंध असल्याची ठोस माहिती आधीपासून होती का, हो का नाही. 2017 मध्ये साधारण 32,000 जणांना अडवलं होतं, 2018 मध्ये 19,000. काळ्या लोकांना अडवणं 43 टक्क्यांनी कमी. एका प्रश्नानं एवढं झालं यावर माझा पूर्ण विश्वास नाही, तिथं बाकीच्याही सुधारणा चालू होत्या, पण हात जरा थांबतो हे पटतं. आपल्या शाहू महाराजांनी तरी काय केलं, 1902 मध्ये नोकरीतल्या निम्म्या जागा मागासांसाठी राखीव ठेवायचा हुकूम काढला, आणि दलित गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात जाऊन सगळ्यांदेखत चहा प्यायले. पुढं बरोबरच्यांना नको म्हणायला जागाच राहिली नाही.

दवाखान्याची परवानगी लेखी घे, कॉलेजच्या लेटरहेडवर, आणि पेशंटचं नाव कुठंही लिहू नकोस, आजार तर अजिबात नाही. आडनावासाठी आधीच कोड ठरव. पहिला आठवडा नुसती बघत बस, ती पानं मोजायची नाहीत. रविवारी दहाला घरी ये, रकाने मिळून आखू. आणि साधी शंभर पानी वही आण, लॅपटॉप नको, तो उघडलेला दिसला की खिडकीतली माणसं सगळ्या गावाला अहो-जाहो करायला लागतात.

तुझा,
सर