'तुविएरा' की 'तुविएसे'? (उत्तर 'मेलोच होतो'मध्ये आहे)

प्रश्न असा आहे: "स्पॅनिशच्या वर्गात 'माझ्याकडे पैसे असते तर' याला 'सी तुविएरा दिनेरो' असं शिकवलं. पुस्तकात एके ठिकाणी 'सी तुविएसे' दिसलं. दोन्हींत फरक काय? आणि या रूपाला मराठीत 'अपूर्ण भूतकाळ' म्हणतात ते बरोबर आहे का?"

दुसरं आधी घेतो, कारण डोकं त्यानेच फिरतं. बरोबर नाही. 'अपूर्ण भूतकाळ' म्हटलं की मराठी माणसाला 'येत होता, जात होता' आठवणार, आणि 'तुविएरा'त तसलं काही नाही. इंग्रजी पुस्तकातला 'इम्परफेक्ट' उचलून त्याचं शब्दशः मराठी केलं की हे असं होतं. गंमत म्हणजे ही दोन्ही रूपं ज्या लॅटिन रूपांतून आली, ती दोन्ही पूर्ण भूतकाळातली होती. 'कांतावेराम' म्हणजे 'मी गायलो होतो', त्याचं झालं 'कांतारा'. 'कांताविस्सेम' म्हणजे 'गायलो असतो', त्याचं 'कांतासे'. लॅटिनचं खरंखुरं अपूर्ण रूप होतं 'कांतारेम'. ते स्पॅनिशमध्ये टिकलंच नाही. थोडक्यात, माणूस गेला आणि त्याच्या नावाची पाटी शेजाऱ्याच्या दारावर लागली.

मग म्हणायचं काय? 'सी' (म्हणजे 'जर') असलेल्या वाक्यापुरतं आपलं 'संकेतार्थ' चपखल आहे. काही जण 'विध्यर्थ' म्हणतात, त्यांच्याही बाजूने थोडं बोलता येतं. 'केरीआ के विनिएरास' म्हणजे 'तू यावंस असं मला वाटत होतं', इथे मराठीत 'यावंस'च येतं. पण 'तू यावंस असं वाटतं' यातही तेच 'यावंस', आणि तिथे स्पॅनिशला 'वेंगास' लागतं. मराठी मुख्य क्रियापदाचा काळ बदलते आणि पोटवाक्याला हात लावत नाही. स्पॅनिश दोन्ही बदलते. हा फरक समजला तर नाव काहीही द्या, माझी हरकत नाही.

खरी हरकत आहे ती 'सी तेंद्रीआ दिनेरो'ला, म्हणजे 'सी'नंतर 'घेतली असती'सारखं फळाचं रूप लावण्याला. मराठी विद्यार्थ्यांच्या तोंडी हे सारखं येतं. कारण उघड आहे: 'पैसे असते तर गाडी घेतली असती', दोन्हीकडे तेच 'असतं'. संस्कृतातही तसंच, 'सुवृष्टिश्चेदभविष्यत् तदा सुभिक्षमभविष्यत्', पाऊस चांगला झाला असता तर सुबत्ता आली असती. दोन्ही बाजूंना लृङ्, म्हणजे संस्कृतातलं संकेतार्थाचं रूप. स्पॅनिशमध्ये 'सी'नंतर 'तुविएरा' आणि पुढच्या भागात 'कोम्प्रारीआ', म्हणजे 'घेतली असती'. बास्क प्रदेशात आणि त्याला लागून असलेल्या उत्तर स्पेनमध्ये मूळचे लोकही 'सी तेंद्रीआ' म्हणतात, ही गोष्ट खरी. परीक्षकाला ती सांगून बघा.

आता मुद्द्याची गोष्ट. 'गायलो होतो' हे सरळसरळ घडून गेलेलं. ते 'गायलो असतो' या न घडलेल्याच्या घरात शिरलं कसं? पुष्कळ व्याकरणं इथे 'कालांतराने अर्थ बदलला' असं म्हणून मोकळी होतात. कालांतराने काय आपोआप होतं? उत्तर मराठीत रोज ऐकू येतं: "मेलोच होतो, तू हात धरला नसतास तर!" बोलणारा जिवंत आहे, धडधाकट आहे, चहा पितो आहे. तरी 'मेलो असतो' न म्हणता 'मेलोच होतो' म्हणतो, कारण त्याला मरण किती जवळून गेलं ते दाखवायचं आहे. लॅटिन लेखक अगदी हेच करत. अटीचं फळ सांगताना 'झालं असतं'च्या जागी ठसक्यात 'झालंच होतं' लिहायचे. ही ठसक्याची जागा हळूहळू नेहमीची झाली. म्हणून '-रा' आधी फळाच्या बाजूला बसला आणि मग 'सी'च्या बाजूला सरकला. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या स्पॅनिशमध्ये 'सी तुविएरा, दिएरा' म्हणजे 'असते तर दिले असते' अशी दोन्हीकडे '-रा' असलेली वाक्यं भरपूर सापडतात. त्या काळात मराठी विद्यार्थी पास झाला असता. 'सी उबिएरा साबिदो, उबिएरा वेनिदो' म्हणजे 'कळलं असतं तर आलो असतो', हे आजही शुद्ध धरतात; तो त्याच वाड्याचा उरलेला सोपा.

जुना अर्थही पुरता मेलेला नाही. गालिसियनमध्ये 'कांतारा' म्हणजे अजून 'गायलो होतो'. पोर्तुगीजमध्येही तेच, निदान लिहिताना. संकेतार्थाला त्यांच्याकडे 'कांतास' हे वेगळं रूप आहे. गोव्यातल्या ज्यांच्या घरी आजी-आजोबा पोर्तुगीजमध्ये शिकले, त्यांनी स्पॅनिश पुस्तक उघडलं की 'फालारा'चा ('बोललो होतो') भाऊ असा 'आब्लारा' भलत्याच अर्थाने भेटतो, तो यामुळे. खुद्द स्पॅनिश वृत्तपत्रं 'एल के फुएरा प्रेसिदेंते', म्हणजे 'जे अध्यक्ष होते ते', असं लिहितात. व्याकरणकार आंद्रेस बेयो यांनी 1847च्या आपल्या व्याकरणात हा जुना वापर टाळा म्हणून बजावलं होतं, घोटाळा होतो म्हणून. बेयो फार मोठा माणूस, पण इथे त्यांचं मला पटत नाही. सहा-सातशे वर्षं जो या घरचा मालक होता त्यालाच घुसखोर ठरवायचं? वृत्तपत्रवाले 'होते'च्या जागी नुसतं भारदस्त दिसावं म्हणून 'फुएरा' ठोकतात, तो वेगळा गुन्हा, आणि त्याची शिक्षा त्यांना द्यावी.

जाता जाता पाठांतराची सोय. अनेकवचनी 'ते'चं साध्या भूतकाळातलं रूप घ्या, शेवटचा 'रोन' काढा आणि 'रा' लावा. 'तुविएरोन' – 'तुविएरा', 'दिखेरोन' – 'दिखेरा', 'फुएरोन' – 'फुएरा'. एकही अपवाद नाही, कारण दोन्ही रूपं लॅटिनच्या एकाच पूर्णकाळाच्या धातूवरून निघाली आहेत. 'असणे' आणि 'जाणे' या दोघांचंही 'फुएरा'च होतं, कारण भूतकाळात त्यांचा संसार एकत्र आहे.

आणि हो, फरक. 'सी'नंतर किंवा 'के'नंतर काहीही वापरा, अर्थ एकच. बोलण्यात '-रा' फार पुढे, लॅटिन अमेरिकेत तर '-से' क्वचितच ऐकू येतं. स्पेनमध्ये, विशेषतः लिहिताना, ते भेटतं. मात्र हॉटेलात अदबीने कॉफी मागताना 'किसिएरा उन काफे' म्हणा. तिथे 'किसिएसे' चालत नाही.