पट्टीने सात सेंटिमीटर, विमानाने किती?

प्रश्न : नॉर्वेतल्या ट्रोम्सोहून स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगइयरब्येनला जायचा बेत आहे. मुलाच्या मर्केटर नकाशावर (गोल पृथ्वी सपाट चौकोनात मांडणारा जगाचा नकाशा; १ सेंमी = ५०० किमी) पट्टी धरली तर ७ सेंमी आले. म्हणजे ३,५०० किमी! पण विमानाच्या वेळापत्रकात दोन तासही दिसत नाहीत. चुकतंय कुठे?
— वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : वेळापत्रक बरोबर आहे. खरं अंतर सुमारे ९६० किमी, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षाही कमी. नकाशाखाली छापलेलं प्रमाण फक्त विषुववृत्तापुरतं असतं. मर्केटर नकाशा उत्तरेकडे ताणत जातो आणि ७४ अंश अक्षांशावर, म्हणजे या दोन ठिकाणांच्या मधोमध, हा ताण साडेतीन पटींहून जास्त होतो. भारतापुरती पट्टी चालून जाते, तिथे मुळीच नाही.

हिशोब कागदावर करा. ट्रोम्सो विमानतळ ६९.६८ उत्तर, १८.९२ पूर्व, लाँगइयरब्येन ७८.२५ उत्तर, १५.४७ पूर्व. अक्षांशांचा फरक साधारण ८.५६ अंश. त्या भागात एका अंशाला १११.६ किमी धरा, ९५५ किमी झाले. रेखांशाचा फरक ३.४५ अंश. इथेच बहुतेकांची गफलत होते. रेखांशाचा एक अंश ठाण्यात १०५ किमी भरतो, पण ७४ अंशांवर जेमतेम ३१. म्हणजे आडवं अंतर सुमारे १०७ किमी. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ : ९६१.

एकमेकांपासून लांब असलेल्या ठिकाणांना मात्र ही युक्ती लावू नका. ट्रोम्सो आणि अलास्कातलं उत्किआविक (पूर्वीचं बॅरो) जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. अक्षांशाच्या रेषेने गेलात तर साधारण ६,५०० किमी, ध्रुवाजवळून सरळ गेलात तर ४,३५० च्या आसपास. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, तो आपोआप ध्रुवाकडे सरकतो. मुलाला हे जरूर दाखवा.

आता वेळ. ताशी ८३० किमी वेगाने ९६० किमीला ६९ मिनिटं. चढताना-उतरताना वेग कमी असतो, त्याची दहा-बारा मिनिटं. वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतची असते, म्हणून धावपट्टीपर्यंतची ये-जाही त्यात धरा. ताशी ११० किमीचा वारा समोरून आला तर आणखी ११ मिनिटं.

प्रश्न : लाँगइयरब्येनहून निघून त्याच दिवशी ओस्लोहून मुंबईचं विमान धरता येईल का?
— वाचक, वाशी

उत्तर : दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर नकोच. स्वालबार्डवर मोठ्या जेट विमानाला उतरायला दुसरा विमानतळ नाही. धुकं किंवा खालचे ढग आले की येणारं विमान नॉर्वेच्या मुख्य भूमीवर परततं आणि तुमचं जाणारं विमानही तेच असतं. मध्ये एक रात्र ठेवा. शिवाय नॉर्वेची मुख्य भूमी शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपीय देश) असली तरी स्वालबार्ड त्याबाहेर आहे. मुख्य भूमीवर परतणं म्हणजे नव्याने प्रवेश, तेव्हा व्हिसा किमान दोन प्रवेशांचा मागा. पासपोर्ट सामानात टाकू नका, हाताशी ठेवा.